खंडोबा म्हणजे शंकरच ना? मंग झालं तं!

मे महिन्यात माझं लग्न झालं. (ज्यांना बोलवायचं राहिलं त्यांची माफी, जे येऊन जेवणाला नावं ठेवून गेले त्यांचेही आभार.) आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. कुलदैवत खंडोबा. म्हणजे लग्न झालं की जागरण आलंच, त्याशिवाय लग्न पुरं झालं असं आमच्या आजीच्या लेखी नसतंच. पण या वेळी मोठ्या काकांनी बैठकीतच विषय संपवला. "कायले पाह्यजे जागरण? रात्रभर कोन बसते आता? सत्यनारायण करून टाकू. खंडोबा म्हणजे शंकरच ना? मंग झालं तं!"

आता खंडोबा म्हणजे शंकर, म्हणून खंडोबाऐवजी विष्णूचा सत्यनारायण, हे लॉजिक मी बऱ्याचदा डीबग करून पाहिलं. चालत नाही. पण बैठकीत कोणालाच ते खटकलं नाही. आजी तेवढी बडबडली, आणि तिच्या बडबडीपोटी तोडगा निघाला. जागरण करायचं, पण रात्री दहापर्यंत. दहानंतर डीजे.

शेजारच्या गावातून वाघ्याची पार्टी आली. म्हातारे वाघ्या, त्यांचा मुलगा आणि गाणारी एक बाई. त्यांनी चौक भरला, घट मांडला, वर पाच धांड्यांचा मांडव उभा केला, दिवटी पेटवली. डिमडी वाजायला लागली, तुणतुणं सुरू झालं, आणि मांडवात पोरं मोबाईल खाली ठेवून बसली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हाळसेशी सारीपाटात देव हरला, पैजेप्रमाणे घर सोडून निघाला, तिथवर कथा आली होती. तेवढ्यात डीजेवाल्याने "हॅलो, चेक, चेक" केलं. दहाला पाच कमी होते. म्हातारबाबांनी डिमडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बानू तं अजून आलीच नाही, दादा."

मी नवरदेव. माझं जागरण. आणि मी काय केलं? हसलो. ते कसनुसं, मीटिंगमध्ये क्लायंट चिडला की हसतो तसं. त्यांनी सामान आवरलं. डीजेवाल्याला पंचवीस हजार मी स्वतः मोबाईलवरून पाठवले होते. वाघ्याच्या पार्टीला एकवीसशे, तेही काकांनी पाकिटात घालून दिले.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पण सप्टेंबरमध्ये कंपनीने सहा आठवड्यांसाठी हॅम्बुर्गला पाठवलं, आणि एका शनिवारी करायला काही नाही म्हणून मी बाल्टिक समुद्रातल्या रुगेन नावाच्या बेटावर गेलो. रेल्वे, मग बस, मग पायी. बेटाच्या अगदी उत्तर टोकाला आर्कोना नावाचं ठिकाण आहे. तिथे दीपगृहं आहेत, समुद्रात तुटलेला उंच कडा आहे, आणि कड्यावर गवताने झाकलेला एक मातीचा तट. बस. त्या तटाच्या आत एकेकाळी एका देवाचं देऊळ होतं. देवाचं नाव स्वांतेवित. आता त्या जागेचा बराच भाग कडा ढासळून समुद्रात गेलाय.

हा स्वांतेवित स्लाव लोकांचा देव. बेटावर राहणाऱ्या जमातीचं नाव रानी (आपल्या राणीशी संबंध नाही, मीही आधी फसलो होतो). चार तोंडांची लाकडी मूर्ती, माणसापेक्षा कितीतरी मोठी. एका हातात शिंग, जवळ खोगीर, लगाम आणि चांदीच्या मुठीची भली मोठी तलवार. लढाईत जय देणारा हाच आणि शेतात पीक देणारा पण हाच. ही माहिती येते ती साक्सो ग्रामातिकुस या डॅनिश इतिहासकाराकडून, आणि त्याने सांगितलेला सुगीनंतरचा सण वाचताना मी हॉटेलच्या खोलीत ताडकन उठून बसलो.

सणाच्या आदल्या दिवशी पुजारी गाभारा झाडायचा, तोही श्वास रोखून. श्वास घ्यायचा तर दरवाजापर्यंत पळत बाहेर यायचं, कारण माणसाच्या श्वासाने देवाला विटाळ होऊ नये. दुसऱ्या दिवशी सगळं बेट देवळासमोर जमायचं. पुजारी देवाच्या हातातलं शिंग काढून बघायचा. गेल्या वर्षी भरलेलं मद्य तेवढंच असेल तर पुढचं वर्ष सुकाळाचं, कमी झालं असेल तर जपून रहा, धान्य राखून ठेवा. मग जुनं मद्य देवाच्या पायाशी ओतायचं, शिंग नव्याने भरायचं, देवाकडे आपल्या देशासाठी आणि लोकांसाठी धनदौलत आणि विजय मागायचा, आणि ते एका दमात पिऊन पुन्हा भरून ठेवायचं. त्यानंतर मधाची एक पोळी आणायचे, गोल, जवळजवळ माणसाच्या उंचीची. पुजारी तिच्यामागे उभा राहून विचारायचा, "मी दिसतोय का?" लोक म्हणायचे, "दिसताय." मग तो म्हणायचा, पुढच्या वर्षी दिसू नये. म्हणजे पुढच्या वर्षी पीक इतकं येऊ दे की पोळी याहून मोठी व्हावी! त्यानंतर दिवसभर जेवण आणि पिणं. त्या दिवशी शुद्धीत राहणं हेच पाप, असं साक्सो नाक मुरडून लिहितो.

देवाचा एक पांढरा घोडाही होता. त्याच्यावर बसायचा अधिकार फक्त पुजाऱ्याला. त्याच्या आयाळीचा केस उपटणंही पाप. कधीकधी सकाळी तो घामाने आणि चिखलाने माखलेला सापडायचा, म्हणजे रात्री देव त्याच्यावर बसून शत्रूवर गेला होता. मोहिमेवर निघण्याआधी जमिनीवर भाल्यांच्या जोड्या रोवून त्यावरून घोडा न्यायचे. उजवा पाय आधी टाकला तर निघायचं, डावा टाकला तर बेत रद्द. देवाच्या नावाने तीनशे घोडेस्वार होते. लुटीचा तिसरा हिस्सा देवाचा.

घोडा, तलवार, रात्रीची स्वारी, आणि एकाच तोंडाने मागितलेलं धान्य आणि विजय. कोणाची आठवण येते? जेजुरीला दसऱ्याला सुमारे ४२ किलोचा खंडा एका हाताने तोलून धरायची चढाओढ असते. नांदेड जिल्ह्यातल्या मालेगावच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. (आमच्या वाशिम जिल्ह्यातही एक मालेगाव आहे, आणि बानूची चंदनपुरी ज्याच्याजवळ आहे ते नाशिकचं मालेगाव तिसरंच. बाहेरच्या माणसाला हे समजावता समजावता माझा अर्धा जन्म गेला.) भंडारा उधळतात तो सोनं म्हणून. 'येळकोट' या आरोळीत कानडीतले सात कोटी आहेत. तळी उचलतो तेव्हा आपण मोक्ष मागत नाही हो, भरभराट मागतो. आणि वर्षाचं भाकीत? कर्नाटकात मैलारला, म्हणजे आपल्याच खंडोबाच्या कानडी ठाण्यावर, गोरवय्या उंच धनुष्यावर चढून एकच वाक्य बोलतो. त्याला कारणिक म्हणतात. त्या एका वाक्यातून लोक पाऊसपाणी, पिकं आणि राजकारण असं सगळं वाचतात. आमच्या बाजूला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. तिचा खंडोबाशी संबंध नाही, पण प्रश्न तेच, पाऊस किती, पीक काय, राजाचं काय होणार. दुसऱ्या दिवशी माझे बाबा टीव्हीसमोर बसतात. सोयाबीनचं बियाणं मात्र ते त्यावरून ठरवत नाहीत, हेही सांगून टाकतो, नाहीतर लगेच कॉमेंट्स सुरू होतील.

माझा स्वतःचा भाकितावर विश्वास नाही. शिंगातलं मद्य कमी होतं ते बाष्पीभवनाने. तो मुद्दाच नाही.

मुद्दा पुढचा आहे. ११६८ साली डेन्मार्कचा राजा वाल्देमार पहिला आणि त्याचा बिशप अब्सालोन यांनी आर्कोना जिंकलं. मूर्तीचे पाय कुऱ्हाडीने तोडले, दोर लावून तिला बाहेर ओढलं, आणि छावणीत तिचे तुकडे करून त्या लाकडावर स्वयंपाक केला. जवळच आल्टेनकिर्शेन गावात एक जुनं चर्च आहे. त्याच्या भिंतीत एक कोरीव दगड बसवलाय, हातात शिंग धरलेला दाढीवाला माणूस. देव आहे की पुजारी, नक्की कोणालाच माहीत नाही. दगड आडवा बसवलाय. म्हणजे तो माणूस कायमचा झोपलेला. मी मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होतो, बाजूला एक जर्मन आजी मेणबत्ती लावत होत्या.

आणि मग डोक्यात आलं ते हे. स्वांतेवितबद्दल आज जगाला जे माहीत आहे ते जवळजवळ सगळं त्याला जाळणाऱ्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांकडून आलंय. साक्सो हा बिशप अब्सालोनच्याच आश्रयाला होता! त्या पुजाऱ्याने शिंग भरताना काय म्हटलं, बायका काय गात होत्या, त्या देवाला बायको होती का, सवती होत्या का, तो कुठल्या खेळात हरला होता का, यातलं एक अक्षर उरलं नाही. रात्रभर पुरेल अशी त्याची कथा असणारच. ती सांगणारी शेवटची व्यक्ती कधीतरी मेली आणि विषय संपला.

आपल्याकडे ती व्यक्ती जिवंत आहे. शेजारच्या गावात राहते. मोबाईल नंबर आहे तिचा. आणि आपण तिला दहाला पाच कमी असताना उठवतो.

तुम्ही म्हणाल, भाऊ, तुलना कशाला? तिकडे परकं सैन्य आलं, इकडे कोणी देऊळ पाडायला आलेलं नाही. बरोबर. म्हणूनच मला जास्त राग येतो. इथे कुऱ्हाड नाही, इथे लाज आहे. आपल्या काकांना, मामांना, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाच, खंडोबा थोडा गावठी वाटतो. दोन बायका, त्यातली एक धनगराची. तिच्यासाठी त्याने मेंढरं राखली. मल्लूखान या नावानेही ओळखला जातो. कुत्रा बरोबर. हळदीने कपडे खराब होतात. मग सोपा उपाय, "शंकरच ना?" म्हणायचं. एकदा शंकर म्हटलं की धनगरवाडा गेला, सारीपाट गेला, बानू गेली. उरलं काय, तर कुठल्याही देवळात चालेल असा एक सभ्य देव.

याचीही गंमत आर्कोनाच्या गोष्टीत आहे. हेल्मोल्ड नावाचा त्याच काळातला जर्मन पाद्री लिहितो की स्वांतेवित हा मुळात त्यांचाच संत व्हितुस. कोर्वाय मठाच्या साधूंनी म्हणे पूर्वी या बेटाला ख्रिस्ती केलं होतं, नंतर या अडाण्यांनी संताचाच देव केला. बहुतेक अभ्यासक ही गोष्ट खरी मानत नाहीत. पण सोय बघा केवढी! देव आमचाच, तुम्हाला तो नीट समजला नाही एवढंच, आता सरका बाजूला.

इथे कोणीतरी मल्हारी माहात्म्य काढणार हे मला माहितीय. मणी आणि मल्ल दैत्य, शंकराचा मार्तंड भैरव अवतार, सगळं संस्कृतात लिहिलेलं आहे. आहेच की. ते काल कोणी बनवलेलं नाही, आणि माझं त्याच्याशी काही भांडण नाही. वाघ्याही त्याच्या गाण्यात मणी-मल्ल सांगतोच. पण संस्कृत पोथीत एक गोष्ट आहे म्हणून डिमडीवरची गोष्ट रद्द होत नाही. रा. चिं. ढेऱ्यांनी १९६१ साली 'खंडोबा' हे पुस्तक लिहिलं, ते पोथ्या तर वाचायचेच, पण लोकांच्या तोंडचंही तितक्याच आदराने टिपून घ्यायचे. आणि ग्युंथर सोनथायमर. हा जर्मन माणूस महाराष्ट्रात वर्षानुवर्षं धनगरांबरोबर हिंडला, त्यांच्या ओव्या ऐकल्या, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबावर १९७६ साली जर्मनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. १९९२ साली वारला. त्याच्या देशात समुद्राकाठच्या त्या देवाबद्दल विचारायला एकही वाघ्या उरलेला नाही, आणि हा आमच्या वाघ्यांसमोर वही घेऊन बसला. आम्ही त्याच वाघ्याला एकवीसशेचं पाकीट देऊन वाटेला लावतो, आणि वर अभिमान आहेच आपल्याला, स्टेटसला.

त्या अभिमानाबद्दलही दोन शब्द. आमच्या ऑफिसात हल्ली 'आम्ही पण पेगन' म्हणणारा एक ग्रुप तयार झालाय. मालिका बघून थॉर, ओडिन सगळे पाठ. सुट्टीच्या दिवशी जेजुरीला जातात, पिवळेधमक होऊन फोटो काढतात, तीन वाजता ढाब्यावर. जा की, भंडारा कोणाच्या बापाचा नाही. पण तिकडे पोलंडमध्ये, झेक लोकांत काही मंडळी स्लाव देवांची पूजा नव्याने सुरू करतायत, शिंग भरतात, शेकोटी पेटवतात. मला त्यांचं हसू येत नाही, वाईट वाटतं. त्यांना बिचाऱ्यांना विचारायलाच कोणी नाही, म्हणून साक्सोची चार पानं समोर ठेवून उरलेलं मनाने भरावं लागतं. आमच्या ग्रुपला ती अडचण नाही. तरी तळीत काय काय ठेवतात हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

आता खरा आक्षेप. तो माझ्या बायकोने घेतला, आणि तिचा आक्षेप काकांच्या शंभर वाक्यांपेक्षा जड आहे. ती म्हणाली, "तू मुरळीबद्दल काहीच बोलला नाहीस."

खरंय. नवस फेडायला लहान मुली खंडोबाला सोडायचे. देवाशी लग्न लागलं म्हणून तिला माणसाशी लग्न नाही, आणि पुढे तिचं काय व्हायचं ते सगळ्या गावाला माहीत असायचं. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याविरुद्ध 'सोमवंशीय मित्र'मधून झोड उठवली. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, आणि तरीही महाराष्ट्राला २००५ मध्ये देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा नव्याने करावा लागला. म्हणजे एवढ्या वर्षांत ती मेली नव्हती. ती मेलीच पाहिजे, यात मला 'पण' घालायचा नाही. त्या मुलींनीही रात्रभर गाणी म्हटली म्हणून ती गाणी त्या दुःखाची भरपाई होत नाहीत.

एवढंच सांगतो की मुरळी सोडणं बंद करायला ज्यांनी आयुष्य वेचलं त्यांची लढाई एक, आणि आमच्या काकांची 'रात्रभर कोण बसते' ही लढाई दुसरी. काकांनी मुलींच्या कळवळ्याने जागरण दहाला थांबवलं नव्हतं. डीजेचे पैसे आगाऊ गेले होते म्हणून थांबवलं. आपल्या घरात आलेल्या त्या गाणाऱ्या बाई म्हाताऱ्यांच्या सूनबाई आहेत, दोन लेकरांची आई. त्यांना त्या रात्रीचे किती मिळाले असतील, एकवीसशेतले? हा प्रश्न बायकोनेच विचारला. मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा.

तर हॅम्बुर्गहून आल्यावर मी म्हातारबाबांच्या मुलाला फोन केला. चंपाषष्ठीला या म्हटलं, त्या रात्री राहिलेलं जागरण पुरं करायचंय, बिदागी तुम्ही सांगाल ती. (आकडा सांगितल्यावर त्याने दोनदा विचारलं, "तुमी नवरदेवच बोलून रायले ना?") काकांना कळवलं, ते म्हणाले पैसा जास्त झालाय तुला. आजी म्हणाली चंपाषष्ठीला भरीत-रोडगा तिच्या हातचा, हवं तर चुलीपाशी खुर्ची टाकून द्या. चातुर्मासापासून वांगं तोंडात घातलेलं नाही तिने. रेकॉर्डिंग करू का असंही मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, बाबांना विचारून सांगतो. पाच मिनिटांनी त्याचा परत फोन आला.

"बाबा म्हणते रेकॉर्डिंग करा, काई हरकत नाही. पन आधी आयका म्हणते. आनं डीजे असन तं आमी येत नाही."

मॅनेजरला दोन दिवसांच्या सुट्टीचा मेल टाकलाय. कारणाच्या रकान्यात 'जागरण' लिहिलं तर त्याने विचारलं, "प्रॉडक्शन सपोर्ट का?" :)